नकाशावरची फौज

संगणकावरचे युद्धखेळ म्हणजे पोरांचा वेळ घालवायचा उद्योग, असे म्हणून आपल्याकडचे वडीलधारे मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. सातारा, सांगली, मिरजेची मुले सायबर कॅफेच्या दिवसांपासून ज्या खेळांपुढे तासन् तास बसत आली, त्यांचीही कथा-कादंबरीसारखीच समीक्षा व्हायला हवी.

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग 1999 साली आला. यात बुद्धिबळासारखे आळीपाळीने खेळायचे नसते. दोन्ही बाजू एकाच वेळी धावत असतात. अन्न, लाकूड, सोने, दगड गोळा करायचे, वस्ती वाढवायची, फौज उभारायची. सुरुवातीला नकाशा काळोखात असतो; आपला माणूस जाईल तेवढाच उजेड पडतो. खरी ओढ इथेच आहे. घरात, कॉलेजात, नोकरीच्या रांगेत ज्याला कोणी विचारत नाही, त्याचा हुकूम इथे दोनशे माणसे तत्काळ झेलतात.

पण इथे मरणाची किंमत काय? एक भालाईत म्हणजे 35 अन्न आणि 25 लाकूड. 1699-1700 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला, तेव्हा सुरुंगाने उडवलेला बुरूज वेढा घालणाऱ्यांवरच कोसळला आणि शेकडो माणसे गाडली गेली. त्यांची कुठेतरी कोणी वाट पाहत असेल. खेळातल्या भालाइताला घरच नसते.

याच खेळात सलाहुद्दीनची मोहीम आहे. मुस्लिम सेनापतीला नायक केले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याची कहाणी सांगतो कोण? त्याच्या छावणीत सापडलेला एक फिरंगी सरदार! आपला मोठेपणाही परक्याच्या साक्षीनेच सिद्ध व्हावा लागतो. मूळ खेळात अरब, तुर्क, इराणी यांचा धर्मोपदेशकही युरोपातल्या मठवासीयासारखाच दिसे.

2009 साली 'एम्पायर: टोटल वॉर' आला. यात राज्यकारभार आळीपाळीने चालतो, लढाई मात्र चालत्या वेळात, हजारोंच्या फौजांची. मराठ्यांच्या बाजूने खेळता येते. मुख्य मोहिमेत मोगलांच्या बाजूने नाही. त्यातला एक नियम पाहण्यासारखा आहे. प्रजेचा धर्म राज्यकर्त्याहून वेगळा असेल तर प्रांतात असंतोष वाढतो. त्यावर उपाय म्हणजे धर्मप्रसारक.

त्याच वर्षी सप्टेंबरात मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरील अफजलखान-वधाच्या चित्रावरून दंगल उसळली आणि आसपासच्या शहरांत पसरली. ती खेळामुळे झाली, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण दोन्हीकडे इतिहासाचे गणित एकच आहे: एक धर्म, एक रंग, एक फौज. 1761 मध्ये पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना लढवणारा इब्राहिमखान गारदी या गणितात कुठे बसवायचा? हत्यारे घडवणाऱ्या मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोरे घडवायला घेतले, ते कोणत्या खात्यात मांडायचे?

मुलांना पडद्यापासून ओढून काढल्याने काही साधणार नाही. त्यांच्याशेजारी बसावे, डाव पाहावा, आणि नकाशावर उजेड पडल्यानंतरही कोणती माणसे दिसत नाहीत, ते त्यांना विचारावे. हा प्रश्न ज्याला पडेल, त्याला कमानीवरचे चित्रही सहजी भडकवू शकणार नाही, अशी आमची उमेद आहे.