बंद गाडीचे वेळापत्रक

नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणारी अरुंद रुळांची गाडी २०१९ साली बंद झाली. समजा, तिचे वेळापत्रक एखाद्या स्थानकावर तसेच टांगलेले राहिले, तर परगावचा प्रवासी ते वाचून वाट पाहत बसेल. वेळापत्रक नसतेच, तर निदान त्याने कोणाला तरी विचारले असते.

संगणकातही असेच घडते. लिनक्स ह्या संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, डेव्हएफएस नावाची सोय होती. जोडलेल्या उपकरणांची नावे प्रणालीत मांडून ठेवणे हे तिचे काम. २००१ साली आलेल्या २.४ आवृत्तीत ती होती. पुढे हे काम यूडेव्ह ह्या कर्नेलबाहेरच्या प्रोग्रॅमकडे गेले आणि सप्टेंबर २००६ मधील २.६.१८ आवृत्तीत डेव्हएफएस वगळण्यात आली. तिची सूचनापत्रेही काढावी लागली.

जुनी माहिती काढणे म्हणजे इतिहास पुसणे, असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांला तो पटत नाही. २००५ पासून कर्नेलमधील प्रत्येक बदल गिट ह्या नोंदव्यवस्थेत राहतो. काढलेले पत्र तेथे केव्हाही वाचता येते. उलट, ते चालू पत्रांत राहिले तर घात होतो. प्रोग्रॅममधून काढलेला भाग दुसऱ्या भागाला लागला, तर कंपायलर चूक दाखवतो. सूचनापत्रावर असा पहारा नसतो. जुने पत्र वाचून विद्यार्थी संगणक सुरू करताना 'डेव्हएफएस=माउंट' अशी सूचना देतो. कर्नेल ती ओळखत नाही, पण थांबतही नाही. संगणक सुरू होतो, अपेक्षित ते घडत नाही, आणि विद्यार्थ्याला वाटते, आपलेच चुकले.

आमची तक्रार वेगळी आहे. कर्नेलसोबत पूर्वी 'काढावयाच्या सोयीं'ची एक यादी असे. काय काढणार, केव्हा, का आणि कोण, असे चार रकाने तिच्यात होते. ती नीट सांभाळली जाईना. ऑक्टोबर २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ती यादीच काढून टाकली. यादी गेली ते ठीक. ते चार प्रश्न मात्र टिकायला हवेत, आणि 'आता त्याऐवजी काय?' हा पाचवाही.

शिक्षकांनी संगणक-प्रात्यक्षिकाची जुनी टिपणे ह्याच प्रश्नांनी तपासावीत. बंद झालेली कृती खोडावी आणि तिच्या जागी नव्या कृतीचे नाव सालासह लिहावे.