दूर-अवरक्त निरीक्षणे आणि अवकाशाचे रसायन : दिसलेले किती, मानलेले किती?

'अवकाशात पाण्याचे साठे सापडले' या स्वरूपाच्या वार्ता आता आपल्या परिचयाच्या झाल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक खोट्या नसतात. मात्र दुर्बिणीने प्रत्यक्षात काय नोंदले आणि संशोधकांनी त्यावरून कोणते अनुमान काढले, यांतील सीमारेषा त्या पुसून टाकतात. दूर-अवरक्त खगोलशास्त्रात ही सीमारेषा विशेष महत्त्वाची आहे. प्रस्तुत टिपणात तीन निरीक्षणांचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

तारे ज्या मेघांत जन्मतात ते अतिशय थंड, निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम दहा-वीस अंशांनी अधिक तापमानाचे असतात. दृश्य प्रकाश त्यांतील धुळीत अडकतो. धुळीचे स्वतःचे उत्सर्जन आणि पाण्यासारख्या हलक्या रेणूंच्या घूर्णनातून उमटणाऱ्या अनेक वर्णरेषा मात्र दूर-अवरक्त पट्ट्यात येतात. आपल्या वातावरणातील बाष्प नेमके हेच किरण शोषून घेते. म्हणून दुर्बीण उंच न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १ मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून बलूनद्वारे उडवून, जपानी वर्णपटमापकाच्या साहाय्याने आयनित कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेचे नकाशे तयार केले, हे कार्य आपल्याकडे जितके ज्ञात असावयास हवे तितके नाही. युरोपीय अवकाश संस्थेची ३.५ मीटर आरशाची हर्शेल दुर्बीण मे २००९ मध्ये पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर पाठविण्यात आली आणि उपकरणे थंड ठेवणारे द्रव हेलियम संपताच, एप्रिल २०१३ मध्ये, तिचे निरीक्षणकार्य थांबले.

२०११ साली हर्शेलने टीडब्ल्यू हायड्रे या तरुण ताऱ्याभोवतीच्या चकतीत थंड बाष्प शोधले आणि 'हजारो महासागरांइतके पाणी' हा शब्दप्रयोग सर्वत्र झाला. प्रत्यक्ष दिसलेले बाष्प पृथ्वीवरील महासागरांच्या सुमारे ०.००५ पट, म्हणजे अर्धा टक्का आहे. उर्वरित सारे पाणी धूलिकणांवरील बर्फाच्या रूपात मानलेले आहे. अतिनील किरणांमुळे पृष्ठभागाजवळील बर्फातून काही रेणू सुटतात, त्यावरून प्रतिमानाच्या आधारे साठ्याचा हिशेब मांडला गेला. हा हिशेब निराधार नाही, पण तो हिशेब आहे. शिवाय बाष्प अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले, ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट वार्तांमधून जवळजवळ वगळलीच गेली.

उणिवेचे मोल ऑक्सिजनच्या प्रकरणात अधिक स्पष्ट होते. जुन्या वायुरूप प्रतिमानांनुसार घन मेघांत ऑक्सिजनचे रेणू विपुल असावयास हवे होते. १९९८ साली सोडलेल्या नासाच्या 'स्वॉस' उपग्रहाला ते सापडले नाहीत. स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या 'ओडिन'ने २००७ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील मेघात अत्यल्प प्रमाणात त्यांची नोंद केली. २०११ मध्ये हर्शेलला मृग तारकासमूहातील मेघात ते निःसंदिग्धपणे आढळले, तेही हायड्रोजनच्या दहा लाख रेणूंमागे सुमारे एक. ऑक्सिजनचे अणू धूलिकणांवर गोठून पाण्याचा बर्फ होतात, हे स्पष्टीकरण आज सर्वमान्य आहे. प्रस्तुत लेखकास ते पटते. परंतु पूर्ण समाधान होत नाही. कारण बर्फ, धूळ आणि वायू यांतील ज्ञात ऑक्सिजनची बेरीज घन मेघांत अपेक्षित एकूण राशीपर्यंत पोहोचत नाही. तरीही अनेक वर्षे काही न सापडण्याने प्रतिमानांत पृष्ठभागावरील अभिक्रियांना जे स्थान मिळवून दिले, ते एखाद्या नव्या रेणूच्या शोधाने क्वचितच मिळाले असते.

तिसरे निरीक्षण वेगळ्या जातीचे आहे. हेलियम हायड्राइड आयन प्रयोगशाळेत १९२५ सालीच ज्ञात होता आणि विश्वातील पहिल्या रेणूंमध्ये त्याची गणना होते. अवकाशात मात्र तो हुलकावणी देत राहिला. त्याची रेषा १४९.१ मायक्रॉनवर येते आणि अगदी शेजारीच सीएच रेणूच्या रेषा आहेत. पूर्वीच्या युरोपीय 'आयएसओ' दुर्बिणीच्या वर्णपटमापकाला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. विमानात बसविलेल्या 'सोफिया' दुर्बिणीने एनजीसी ७०२७ या तेजोमेघात ती रेषा सुटी पाहिली आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. येथे रेषा हाच पुरावा आहे, अनुमानाचा वाटा अल्प. रेषेची तीव्रता प्रतिमानाहून अधिक निघाली, तेव्हा दुरुस्ती प्रतिमानाला करावी लागली.

'सोफिया'चे उड्डाण सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले. 'स्पिका' हा युरोप-जपान प्रकल्प २०२० मध्येच रद्द झाला होता. 'प्रिमा' या दुर्बिणीच्या प्रस्तावाची नासाने २०२४ मध्ये पुढील अभ्यासासाठी निवड केली. तथापि हर्शेलचे सर्व वर्णपट विनामूल्य उपलब्ध आहेत. पदव्युत्तर भौतिकी वा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास टीडब्ल्यू हायड्रेचा वर्णपट देऊन, रेषेपासून महासागरापर्यंत पोहोचताना किती गृहीतके लागली, एवढेच मोजावयास सांगितले, तरी एक सत्र पुरणार नाही.