लवकर निजे : एका म्हणीची उलटतपासणी

‘लवकर निजे, लवकर उठे, त्यास ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे.’ पुसद असो, घाटंजी असो की झरी जामणी, यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंतींवर ऑइलपेंटने रंगवलेल्या सुविचारांत ही ओळ हमखास सापडते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात. कुठे ‘त्यासी’, कुठे ‘तया’, कुठे ‘मिळे’. ‘निजे’, ‘उठे’, ‘भेटे’ ही जुन्या वळणाची क्रियापदे कानावर पडली की ओळ एखाद्या ओवीतून गळून पडली असावी असे वाटते. तीस वर्षे मराठी शिकवताना माझ्यासमोर आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना, आणि शिक्षकांनाही, ती अस्सल मराठी म्हण वाटत आली आहे. ती तशी नाही. ती इंग्रजीतून आली, आणि आली ती एकटी नाही. झोपेकडे पाहण्याचा एक हिशेबी डोळा सोबत घेऊन आली. त्या डोळ्याची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मूळ इंग्रजी म्हण बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर चालते. फिलाडेल्फियाच्या या छापखानेवाल्याने ‘पुअर रिचर्ड’ या आपल्या पंचांगवजा वार्षिकात १७३५ मध्ये ती छापली आणि १७५८ च्या ‘संपत्तीचा मार्ग’ या अर्थाच्या शीर्षकाच्या निबंधात पुन्हा वापरली. परंतु ती त्याचीही नव्हे. जॉन क्लार्कच्या १६३९ च्या म्हणीसंग्रहात ती आहे, आणि तिचा आशय त्याच्याही आधी पंधराव्या शतकाच्या अखेरीस मासे गळाला लावण्याच्या कलेवरील एका इंग्रजी पुस्तिकेत आलेला आहे. गंमत अशी, की याच फ्रँकलिनने १७८४ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्राला विनोदी पत्र लिहिले. त्यातला निवेदक एरवी दुपारपर्यंत झोपणारा. एके दिवशी चुकून सकाळी सहाला जाग येते आणि सूर्य इतक्या लवकर उगवतो हे पाहून तो थक्क होतो. मग पॅरिसकर सूर्याबरोबर उठले तर किती मेणबत्त्या वाचतील याचा हिशेब तो मांडतो. त्या काळी रात्र जागवणे म्हणजे मेणबत्ती जाळणे, म्हणजे पैसा जाळणे. लवकर झोपण्यात संपत्ती आहे हे विधान त्या घरात, त्या मेणबत्तीखाली, खरेच होते.

भाषांतर मात्र पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत सवय हा कर्ता आहे. ती माणसाला निरोगी, धनवान आणि शहाणा ‘बनवते’. मराठीत आल्यावर माणूस चतुर्थीत गेला. त्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती ‘भेटे’. कोणी बनवत नाही, काही बनत नाही. वाटेत पाहुणा भेटावा तशी संपत्ती भेटते. भाषांतरकाराला हे जाणवले नसावे, यमकाच्या सोयीने घडले असावे. पण झोपेबद्दल बोलताना मराठीचा स्वभाव असा आपोआप वर येतो, आणि आयात केलेल्या म्हणीलाही तो सोडत नाही.

कारण मराठीत झोप ‘येते’, ‘लागते’, ‘उडते’, ‘मोडते’. मला झोप लागली, जशी भूक लागली, तहान लागली, ठेच लागली. आमच्याकडे वऱ्हाडी बोलीत हे आणखी ठसठशीत होते : ‘मले झोप येऊन रायली.’ झोप वाटेत आहे, पोचायची आहे, माणूस नुसता तिच्या वाटेवर बसला आहे. ‘डोयाले डोया लागला नाई’ यातही माणसाचे कर्तेपण कुठेच नाही. इंग्रजीत झोप मिळवतात, गमावतात, राहिलेली भरून काढतात. क्रियापदे बाजारातली आहेत. ‘झोप भरून काढणे’, ‘झोपेचे कर्ज’ हे शब्द आपल्याकडेही आता आरोग्याच्या पुरवण्यांतून दिसू लागले आहेत, आणि मला ते दाताखाली खडा यावा तसे लागतात. आपल्याकडे झोपेचे खोबरे होते. किसून गेलेले खोबरे पुन्हा नारळात भरता येत नाही, ही त्यातली जाण ‘कर्ज’ या शब्दात नाही.

अर्थात ही विभागणी काटेकोर मानू नये. ‘झोपी जाणे’ हा आपला जुना प्रयोग आहे आणि त्यात माणूसच चालत झोपेकडे जातो. उलट इंग्रज झोपेत ‘पडतो’, तेव्हा तोही काही फार स्वाधीन नसतो. लवकर उठण्याचा उपदेशही परका नाही. आयुर्वेदाने ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितले ते आयुष्य राखण्यासाठी. तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने विदर्भातल्या गावागावांत पहाटेचे सामुदायिक ध्यान रुजले. झोपलेल्या सिंहाच्या तोंडात हरणे आपण होऊन शिरत नाहीत हे संस्कृत सुभाषितही आपण पाठ केले आहे, आणि त्यात झोप आणि कमाईची सांगड आहेच. फरक एवढा, की त्या सिंहाला कोणी वेळापत्रक दिलेले नाही, आणि उठल्यावर हरीण मिळेलच अशी हमीही दिलेली नाही.

आता शेजारी आपली म्हण ठेवू : ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.’ भूक लागली की कोंडाही चालतो, आणि नीज आली की उशाला दगडही. चार शब्दांत अंथरूण, पांघरूण, वेळ, घर सगळे गळून पडते. या म्हणीत उपदेश शून्य आहे. ती कोणाला चांगले किंवा वाईट म्हणत नाही. दमलेल्या शरीराचे वर्णन करते आणि गप्प बसते. परीक्षेच्या मार्गदर्शकांत तिचा अर्थ ‘गरजेच्या वेळी निकृष्ट वस्तूही चालते’ असा छापलेला असतो. तो चुकीचा नाही, पण त्यात तो दगड हरवतो.

या मार्गदर्शकांबद्दल थोडे बोलायला हवे. त्यांत इंग्रजी म्हणी आणि मराठी म्हणी जोड्या लावून दिलेल्या असतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही कापड पाहून कोट बेतण्याच्या इंग्रजी म्हणीसमोर बसते. अर्थ जुळतो, संसार जुळत नाही : एकीकडे शिंपी आणि ऐपत, दुसरीकडे रात्री जमिनीवर पसरलेली सतरंजी आणि थंडीत बाहेर राहिलेली पावले. झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये या म्हणीला आपल्याकडे कुत्रा मिळत नाही, आपण ‘गाडलेली मढी उकरून काढू नयेत’ म्हणतो. बिछान्याच्या चुकीच्या बाजूने उठल्यामुळे दिवस बिघडतो, हा वाक्प्रचार तर आपल्याकडे उभाच राहू शकत नाही. त्याला भिंतीशी लावलेला, दोन बाजू असलेला, दिवसभर जागेवर राहणारा पलंग लागतो. आपल्या जमिनीवरच्या अंथरुणाला बाजू नाहीत आणि सकाळी त्याची वळकटी होते. मग दिवस बिघडल्याचा दोष कोणाला द्यायचा? ‘आज कोणाचं तोंड पाहिलं कोणास ठाऊक!’ एका खोलीत सहा माणसे झोपतात तिथे डोळे उघडताच कोणाचे तरी तोंड दिसतेच, आणि खापर त्याच्यावर फुटते. यातला अन्याय मी लपवत नाही. हे तोंड बहुधा घरातल्या विधवेचे किंवा सुनेचे ठरत आले आहे. इंग्रजांचा पलंग बिचारा मुका आहे, त्याला काही लागत नाही.

‘घट्ट झोप’ असा शब्दशः अर्थ होणारा एक निरोपाचा इंग्रजी प्रयोग आहे. तो दोरीने विणलेल्या खाटेवरून आला, दोरी घट्ट ओढली की झोप चांगली, असे पुष्कळ ठिकाणी सांगतात. बाजेवर झोपलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती लगेच पटते. पण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाला ‘गाढ’ अशी छटा होतीच, खाटेची गरज नाही. म्हणींच्या व्युत्पत्त्या इतक्या गोड असल्या की संशय घ्यावा.

रात्री जागण्याच्या वाक्प्रचारांत दोन्ही भाषा तेलाशी येतात, आणि इथे मला खरा फरक दिसतो. इंग्रज मध्यरात्रीचे तेल जाळतो. ते दिव्यातले तेल, समोर पुस्तक, जागणारा स्वतःच्या अभ्यासासाठी जागतो. १६३५ मधल्या फ्रान्सिस क्वार्ल्सच्या कवितेपर्यंत त्याचा माग लागतो. मराठी माणूस ‘डोळ्यात तेल घालून’ जागतो. दिवा नाही, पुस्तक नाही, तेल थेट डोळ्यात. हा जागणारा राखणदार आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘जागल्या’ हा शब्द आहे : रात्री गावाची राखण करणारा. झोपेचा त्याग ही आपल्याकडे काहींची नेमून दिलेली चाकरी होती, आणि ज्यांची ती चाकरी होती त्यांना संपत्ती भेटल्याचे गावाच्या इतिहासात कुठे दिसत नाही.

यवतमाळात हा शब्द मेलेला नाही. ‘जागल’, ‘जागलीला जाणे’ हे आजचे, रोजचे शब्द आहेत. सोयाबीन, तूर, हरभरा शेतात उभा असताना रोही आणि रानडुकरे रात्री येतात. माणूस मचाणावर किंवा बांधावर शेकोटी करून बसतो. पांढरकवडा आणि राळेगाव भागात ‘टी-१’ वाघिणीची दहशत होती, तेव्हा जागलीला जाणेही जिवावरचे झाले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. पीक राखायला जागायचे, आणि जागताना स्वतःलाही राखायचे, असा तो हंगाम होता.

कापसाचेही असेच. अमेरिकेत झोपायला जाण्याला गवतावर किंवा पोत्यावर अंग टाकणे म्हणतात; त्या बोलण्यात सैलपणा आहे, दिवस संपल्याचा सुस्कारा आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात आमच्याकडे संकलन केंद्रांसमोर बैलगाड्यांच्या रांगा लागत. शेतकरी एकेक, दोन-दोन रात्री गाडीतल्या कापसावरच पडून काढत. त्याहून मऊ बिछाना राजालाही नसेल. पण त्या रात्रींसाठी कोणी वाक्प्रचार केला नाही, कारण ती झोप नव्हती. नंबर पुढे सरकला तर बैल जुंपायचे होते, आणि कापूस ओला होऊ द्यायचा नव्हता.

आणि मग लाईन. वीज म्हणजे ‘लाईन’ हा आमच्याकडचा शब्द. कृषिपंपांना आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास वीज, ही रीत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये आली, काही गावांत दिवसा ओलित होऊ लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांच्याकडे पाळी आहे त्यांच्या रब्बीच्या रात्री अजून शेतातच जातात. गव्हाला, हरभऱ्याला पाणी सोडायचे, दर दोन-तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढे मांडायचे, अंधारात साप-विंचू पाहायचे. ‘रात्रीचा दिवस करणे’ हा वाक्प्रचार शहरात कष्टाची अतिशयोक्ती म्हणून वापरतात. इथे तो विजेच्या वेळापत्रकाचे वर्णन आहे.

म्हणूनच ‘लवकर निजे’वर माझा आक्षेप ती परकी असण्याचा नाही. परक्या म्हणी येतात, रुळतात, रुळाव्यात. आक्षेप तिच्या उलट्या अर्थाला आहे. लवकर निजणाऱ्याला संपत्ती मिळत असेल, तर ज्याला मिळाली नाही तो उशिरा निजला असणार. गरिबी ही वाईट सवय ठरते. भिंतीवर ही ओळ वाचणारे पोर मनातल्या मनात हा उलटा अर्थ लावतेच. दारव्हा तालुक्यातल्या एका मुलाने या म्हणीचा विचारविस्तार असा केला होता : ‘आमच्या वावरात लाईन रात्री येते. बाबा रात्रभर ओलित करतात आणि सकाळी झोपतात. त्यांना संपत्ती भेटली नाही. दिवसा लाईन आली तर ते पण लवकर झोपतील.’ परीक्षकाने शेजारी ‘विषयांतर’ लिहून पाचांपैकी एक गुण दिला होता. या म्हणीवर मी वाचलेले ते सर्वांत नेमके भाष्य आहे. कार्यकारणाचा क्रम त्या मुलाने बरोबर उलटा करून दाखवला : आधी साधन, मग झोप. मराठीच्या तासाला याहून अधिक काय अपेक्षित असते, मला कळत नाही.

आपल्या भाषेने झोपेच्या बाबतीत दोष ठेवला तो झोपणाऱ्याला नव्हे, सोंग घेणाऱ्याला. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही. ही म्हण भिंतीवर रंगवलेली मी अजून पाहिलेली नाही. ती मुलांपेक्षा मोठ्यांना अधिक लागू पडते, म्हणून असेल.

जाता जाता एक नोंद. ‘शुभ रात्री’ हा शब्द आता मोबाइलवरून रोज रात्री चंद्राच्या चित्रासह येतो. तोही भाषांतरित. झोपण्यापूर्वी एकमेकांना शुभेच्छा द्यायची रीत आमच्या गावांत नव्हती. देवाला शेजारती होती, लेकराला अंगाई होती. मोठ्या माणसाला ‘झोपा आता’ एवढेच. रात्री जेवण आटोपून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून ओलिताला निघालेल्या माणसाला घरातून जे विचारले जाते, ते मी कळंबपासून वणीपर्यंत बहुतेक एकाच शब्दांत ऐकले आहे : ‘बॅटरी घेतली का?’