अमेरिकेचें अध्ययन आणि ट्रॉम्बेचे कागद

परदेशांतील विद्यापीठांत आपल्या देशाचा अभ्यास रुजावा, असा उद्योग अमेरिकेनें दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या हिरीरीनें चालविला. आपल्याकडे त्याचें ठळक फळ म्हणजे १९६४ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या आवारांत निघालेलें अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होय. त्याच्या ग्रंथालयाचा उपयोग देशभरच्या अभ्यासकांस झाला, हें प्रथम कृतज्ञतापूर्वक नमूद केलें पाहिजे. तथापि या अध्ययनाची जी पद्धति आपल्या विद्यापीठांत रूढ झाली, तींत एक मूलगामी दोष राहिला असें आमचें मत आहे. तिकडून आलेले ग्रंथ वाचावे व त्यांवर प्रबंध लिहावे, यापलीकडे ती फारशी गेली नाहीं. अमेरिकेशीं आपला जो प्रत्यक्ष संबंध आला, त्याचे अस्सल कागद आपल्याच घरीं आहेत, याचा तिला विसर पडला.

वास्तविक मराठींत हें अध्ययन हैदराबादच्या केंद्राहून पाऊणशें वर्षें जुनें आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील दास्यविमोचन करणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. पंडिता रमाबाई १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभास फिलाडेल्फियास गेल्या, त्या पुढें सुमारें तीन वर्षें त्या देशांत राहिल्या. आणि १८८९ सालीं त्यांनीं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. राज्यव्यवस्था, गृहस्थिति, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार व स्त्रियांची स्थिति इतक्या विषयांचा परामर्श त्यांत आहे. अमेरिकेविषयींचा आदर कित्येक स्थळीं टीकेस मागें सारतो, हें या ग्रंथाचें वैगुण्य खरें. परंतु तेथील वर्णद्वेषावर त्यांनीं डोळेझांक केलेली नाहीं, आणि प्रत्येक प्रश्न आपल्या समाजाच्या गरजेवरून विचारला आहे. असें असून या ग्रंथाचीं दोन इंग्रजी भाषांतरें निघालीं तीं २००३ सालीं, म्हणजे एकशें चौदा वर्षांनीं! आपल्या अमेरिकाविषयक अभ्यासक्रमांचा पाया या ग्रंथावर रचावयास हवा होता. तो रचला गेला नाहीं.

आतां ट्रॉम्बेकडे वळूं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील या एका टेकडीच्या पायथ्याशीं अमेरिकेच्या अध्ययनाचीं जितकीं साधनें दडलीं आहेत, तितकीं महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच असतील. स्टॅनव्हॅक या अमेरिकन कंपनीचा तेलशुद्धीकरणाचा कारखाना येथें १९५४ सालीं सुरू झाला. तोच पुढें एस्सोचा व १९७४ नंतर हिंदुस्थान पेट्रोलियमचा झाला. सायरस ही अणुभट्टी १९६० सालीं कार्यान्वित झाली व २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. भट्टी कॅनडानें दिली आणि तिला लागणारें जड पाणी अमेरिकेनें पुरविलें. तिन्ही देशांच्या नांवांचीं आद्याक्षरें या नांवांत एकत्र आलीं आहेत.

या जड पाण्याचा १९५६ चा करार इतिहाससंशोधकानें वसईच्या तहाइतक्याच बारकाईनें वाचावा. त्याचा उपयोग शांततामय कार्यासाठीं व्हावा, अशी अट होती. 'शांततामय' या शब्दांत स्फोट येतो कीं नाहीं? येत नाहीं, असा आपला अर्थ अमेरिकेनें १९७० सालींच लेखी कळविला होता. १९७४ सालीं सायरसमधील प्लुटोनियम वापरून पोखरणास स्फोट झाला. तो शांततामयच आहे, असें भारताचें म्हणणें पडलें. यांतून अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांचा गट जन्मास आला व अमेरिकेनें १९७८ सालीं आपला निर्यातीचा कायदा कडक केला. एका शब्दाच्या अर्थानें दोन देशांचा व्यवहार कसा पालटला, याहून उत्तम पाठ अमेरिकेच्या अभ्यासकास कोणता मिळणार? तो पाठ मुंबईतच शिकवितां येईल, कारण त्याची जागा मुंबईत आहे.

आणखी एक विपरीत गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अमेरिकन गव्हाच्या विक्रीचे जे रुपये येथें सांचले, त्यांतून १९६२ पासून मराठी पुस्तकें अमेरिकेंतील ग्रंथालयांस नेमानें जाऊं लागलीं. त्यांनीं आपलीं पुस्तकें सांठविलीं. आपण मात्र आपल्या दारांतील त्यांचे कागद सांठविले नाहींत. दोष त्यांचा नव्हे.

संग्राहक वाचकांस आमची विनंति इतकीच आहे कीं, दोनशें वर्षांपूर्वींचा कागद तेवढा जुना, ही समजूत सोडावी. स्टॅनव्हॅकच्या काळांतील नेमणुकीचीं पत्रें, नकाशे, छायाचित्रें, पगाराच्या चिठ्ठ्या आज घरोघरच्या ट्रंकांत असतील. घर बदललें कीं त्यांस रद्दीची वाट धरावयास वेळ लागत नाहीं. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांतील वृद्धांच्या आठवणीही तितक्याच तातडीनें टिपून घ्यावयास हव्या. कारखाने आले तेव्हां खाडी कशी होती हें सरकारी करारांत लिहिलेलें नसतें. हीं साधनें हातीं आलीं तरच अमेरिकेचें अध्ययन आपलें होईल. नाहीं तर तें तिकडच्या पुस्तकांची नक्कलच राहील.