लांकडी वाड्याची किंमत

पुण्यांतील जुन्या वाड्यांविषयीं बोलतांना आपल्याकडे दोन प्रकारची भाषा ऐकूं येते. एक गहिंवराची व दुसरी हिशेबाची. पहिलींत पेशवाई, तुळशीवृंदावन आणि आजीचें लोणचें यांची गर्दी. दुसरींत चौरस फुटांचा भाव. वाड्याची खरी किंमत या दोहोंपैकीं एकींतही ठरत नाहीं. कारण त्यांतील लांकडाकडे पाहण्यास दोन्ही पक्षांस फुरसत नसते.

उदाहरणार्थ विश्रामबाग वाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावानें तो इ. स. १८०७ च्या सुमारास बांधविला. त्याच्यावर दोन आक्षेप घेतात. हा पडत्या काळाचा, विलासी धन्याचा वाडा, हा पहिला. दुसऱ्या बाजीरावाचा कैवार घेण्याचें प्रस्तुत लेखकास कारण नाहीं. परंतु धन्याच्या चारित्र्यावरून सुताराच्या कामास गुण देणें म्हणजे यजमान कंजूष म्हणून आचाऱ्याच्या पुरणपोळीस नांवें ठेवण्यासारखें आहे. रस्त्यावर आलेला तो सागवानी सज्जा आणि सुरूच्या झाडाप्रमाणें निमुळते होत गेलेले ते खांब ज्या हातांनीं घडविले, ते हात पडत्या काळांतही पडलेले नव्हते. शिवाय १८२१ सालीं याच वाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली व पुढें नगरपालिकेच्या कचेऱ्याही येथेंच नांदल्या. वाडा केवळ बांधणाराचा नसतो, वापरणारांचाही असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मे १८७९ मध्यें बुधवारवाडा जळाला, त्याच वेळीं विश्रामबागेसही आग लागली व तिचा पूर्वेकडील भाग नष्ट झाला. तो पुढें लोकांच्या वर्गणीचा हातभार लागून पुन्हां उभा राहिला. मग आज आपण ज्याचें कौतुक करतों, तें अस्सल कितीसें?

हा प्रश्न दगडाच्या इमारतीस शोभतो. लांकडाच्या घरास जसाच्या तसा लागू पडत नाहीं. उत्तरेकडील थंड देशांत ओंडक्यांवर ओंडके रचून घर करतात. तेथें भिंत म्हणजेच लांकूड, आणि भारही तिच्यावरच. आपल्या वाड्याची रीत निराळी. दगडी जोत्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. विटामातीची भिंत बहुधा मधली जागा भरण्यापुरती. दोन खांबांमधील अंतर तो खण. आणि घर केवढें, हें आपले लोक खणांनीं सांगत. अशा सांगाड्यांतील एखादा खांब कुजला तर तो काढून दुसरा बसविणें हा घराचा भ्रष्टाकार नव्हे, तो त्याचा स्वभावच आहे. जपानांतील इसे येथील देवालय तर दर वीस वर्षांनीं समूळ नवें बांधतात. २०१३ सालींही बांधलें. नॉर्वेंतील बर्गेन बंदरावरचीं लांकडी घरें १७०२ च्या आगीनंतर जुन्याच धाटणीवर उभीं राहिलीं, आणि १९७९ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. प्रत्येक संस्कृतीचें अस्सलपण तिच्याच रीतीनें जोखावें, हें १९९४ मध्यें जपानांतील नारा येथें जमलेल्या तज्ज्ञांनींही मान्य केलें.

मात्र याचा अर्थ कांहींही चालेल असा नव्हे. सिमेंटच्या खांबास सागवानी रंग दिल्यानें वाडा होत नाहीं. तेथें खण नाहीं, सांधा नाहीं, नुसता देखावा आहे. नवें लांकूड घातलें असेल तर तें नवें आहे हें पाहणाराला कळलें पाहिजे. आणि नक्षी तेवढी वांचवून घर घालवणें, हाही बचाव नव्हे. दिनकर केळकर यांनीं कोथरूडचा मस्तानी महाल आपल्या संग्रहालयांत आणून उभा केला, कोरीव दरवाजे जमविले. हे त्यांचे उपकार थोर आहेत, कारण एरव्हीं तेवढेंही उरलें नसतें. परंतु संग्रहालयांतील दरवाजा कशास कोरला होता तें सांगतो. तो कोणत्या चौकांत उघडत होता तें सांगूं शकत नाहीं.

वाडे केवळ लोभानें गेले असेंही नाहीं. १८२८ च्या आगीनें शनिवारवाड्यांतील महाल नेले. तट, जोतीं आणि दिल्ली दरवाजावरचा लांकडी नगारखाना मागें राहिला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी आलें तेव्हां नदीकांठच्या पेठांतील मातीच्या भिंती विरघळल्या. त्याआधीं १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं. मालकास दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूस ती आपली वाटेना. गळक्या कौलाखालचें पाणी तुळईच्या टोकांत मुरत राहिलें. वाड्याला वाळवीपेक्षां या अबोल्यानें अधिक खाल्लें, असें मला वाटतें.

पेठांतून उठलेलीं कित्येक कुटुंबें आमच्या बिबवेवाडीसारख्या, एकेकाळीं खेडें असलेल्या उपनगरांत येऊन राहिलीं. त्यांच्या दिवाणखान्यांत कोठें वाड्याच्या फळीचें मेज दिसतें, कोठें कोरीव केळफूल भिंतीवर टांगलेलें असतें. त्यांत ममता आहे, थट्टा करण्याजोगें कांहीं नाहीं. पण घरांतील वडील माणसांस वाडा किती खणांचा होता हें विचारावें. ज्यांस ठाऊक आहे, त्यांच्याकडून तो आजच कागदावर मांडून घ्यावा: खांब कोठें, जिना कोठें, चौक केवढा. केळफूल तर भिंतीवर राहणारच आहे.