बीजाकृती आणि रचनेचे एकत्व : बीथोव्हनची पाचवी सिंफनी

लुडविग व्हॅन बीथोव्हन (१७७०-१८२७) याची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. तिच्या आरंभीच्या चार स्वरांना नियतीच्या थापेचा अर्थ शिंडलरच्या १८४० मधील चरित्राने चिकटविला. ही आख्यायिका विश्वसनीय नाहीच. शिवाय तिच्यामुळे श्रोता बांधणीकडे दुर्लक्ष करून अर्थ शोधत बसतो. वस्तुतः हॉफमनने १८१० मध्येच या रचनेच्या आंतरिक बांधणीकडे लक्ष वेधले होते.

'सी' हा षड्ज मानल्यास ही आकृती म्हणजे तीनदा पंचम व एकदा कोमल गंधार. लगेच तीनदा मध्यम व ऋषभ. स्वरसामग्री तुटपुंजी आहे. बळ आहे ते लयीत : प्रथम विराम, मग तीन ऱ्हस्व, एक दीर्घ. पुढे हॉर्न हीच लय घेतात, पण उतरण्याचे अंतर वाढवून आणि आणखी दोन दीर्घ स्वर जोडून. त्यानंतरच्या कोमल सुरावटीखाली खर्जातील तंतुवाद्ये मूळ लय कुजबुजत राहतात.

खरे कौशल्य मात्र विकासखंडात दिसते. हॉर्नच्या त्या हाकेतील मधले दोन दीर्घ स्वर सुटे केले जातात, तंतुवाद्ये व सुषिरवाद्ये ते आळीपाळीने वाजवितात. मग दोनांचा एकच स्वरसंघात उरतो. मूळ लय येथे पूर्णतः नाहीशी झालेली असते, तरीही धागा तुटत नाही, कारण झीज पायरीपायरीने ऐकविलेली आहे. (ख्यालातील मुखडा समेवर परतून ओळख पटवितो, येथे ओळख परतण्यावाचून टिकते.)

तिसऱ्या विभागात हॉर्न एकाच स्वरावर तीन ऱ्हस्व-एक दीर्घ वाजवितात. तेथे आरंभीचा विराम नाही, आघात पहिल्याच मात्रेवर आहे. तरी नाते उघड आहे. दुसऱ्या विभागातही हीच आकृती शोधणाऱ्या अभ्यासकांशी मात्र सहमत होणे कठीण. केवळ लयसाम्य हा पुरावा मानला, तर त्याच मैफलीत सादर झालेला चौथा पियानो कॉन्चेर्टोही तशाच लयीने सुरू होतो. त्यालाही या सिंफनीचा भाग म्हणावे लागेल!

साम्याला कार्याची जोड हवी. तिसऱ्या विभागाकडून अंतिम विभागाकडे नेणाऱ्या सेतूवर तंतुवाद्यांचे स्वर स्थिरावतात आणि नगारे अतिमंद आवाजात ती लय धरून ठेवतात. तिच्या आधारानेच सी मेजरचा उजेड फुटतो. पुढे अंतिम विभागाच्या मध्यावर तिसऱ्या विभागाची तीच लय दबक्या स्वरात परतते आणि मिळविलेला विजय क्षणभर संशयास्पद करते. दुसऱ्या विभागातील कथित आकृतीला असे कोणतेही काम दाखविता येत नाही.