स्टेनेसची वेदी : एक प्रक्षिप्त पाठ

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा जो द्वीपसमूह आहे, त्यांतील स्टेनेस येथील शिलावर्तुळाचा जीर्णोद्धार 1906 सालीं झाला. सुट्टींत तीं बेटें पाहण्यास जाणारांस तेथील पुरुषाच्या तिप्पट उंचीच्या शिला मोहून टाकतात, आम्हीही त्यांतलेच. परंतु पोथ्यांशीं ज्यांचा नित्य संबंध, त्यांनीं तो जीर्णोद्धार एखाद्या ग्रंथाच्या संपादनाप्रमाणें तपासून पाहावा.

पडलेली शिला उभी केली, हें योग्यच. तो मूळ पाठ होता. पण संपादक तेवढ्यावर थांबले नाहींत. सर वॉल्टर स्कॉट 1814 च्या ऑगस्टांत तेथें गेला असतां, मध्यभागींचा रुंद सपाट दगड ही नरबळीची वेदी असावी, असा तर्क त्यानें दैनंदिनींत लिहून ठेवला. कादंबरीकारास तो शोभतो. 1906 सालीं मात्र त्या तर्कास धरून उभ्या दगडांवर आडवी शिला ठेवून खरोखरच वेदी रचण्यांत आली! टीपेंत घालावयाची गोष्ट संहितेंत गेली, आणि तीही कंसावांचून. साठांहून अधिक वर्षें ही रचना वर्तुळांत उभी होती. 1972 सालीं ती शिला कोणीं तरी पाडली. ही रीतही आम्हांस मान्य नाहीं. प्रक्षेप काढावयाचा तो कारण देऊन व नोंद ठेवून. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत गाळलेले श्लोक तळाशीं छापले आहेत, ते उगाच नव्हे.

पुढें 1973-74 सालीं ग्रॅहम रिची यांनीं उत्खनन केलें. सुमारें 44 मीटर व्यासाचा, खडकांत खोदलेला खंदक उघड झाला; बांधणीचा काळ इसवी सनापूर्वी सुमारें 3100 ठरतो. आणि वर्तुळाच्या मध्यभागीं निघाली ती दगडांची चौकोनी चूल! जवळच्याच बार्नहाउस वस्तींतील घरांत अशाच चुली सांपडल्या आहेत. (आमच्यापैकीं कोणास तींत यज्ञकुंड दिसूं लागेल, त्यांनीं स्कॉटचें उदाहरण आठवावें.) घरांतली चूल एवढ्या थोर शिलांच्या मध्यें कां बांधली, हा प्रश्न नरबळीहून अधिक गहन आहे, आणि त्या वेदीनें तोच झांकून टाकला होता.

जवळच ओडिनशिला होती. तिच्या छिद्रांतून हातांत हात देऊन प्रेमिक शपथ घेत. स्कॉट येऊन गेल्यावर चारच महिन्यांनीं एका कुळानें ती फोडून टाकली. तिचे तुकडे जोडून दुसरी शिला करण्याचा मोह तेवढा 1906 च्या संपादकांस झाला नाहीं.